विणकामाच्या नमुन्याची भाषा

१

हाताने विणलेल्या वस्तूंचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष साहजिकच वस्तूकडे जाते. तिचा रंग, तिचा पोत, ती कोणी कोणासाठी विणली, हे प्रश्न प्रथम उभे राहतात. वस्तू विणण्यापूर्वी अस्तित्वात असणारा आणि वस्तू पुरी होताच बाजूला पडणारा जो लेखी नमुना, त्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ‘इतके टाके घालावेत, पहिली ओळ अशी विणावी, दुसरी तशी विणावी’ एवढेच सांगणारा हा मजकूर वरवर पाहता स्वयंपाकाच्या कृतीसारखा वाटतो. परंतु जरा बारकाईने पाहिले असता त्याला स्वतःचे व्याकरण आहे, संक्षेपांची पद्धती आहे आणि वाचकाविषयीची काही ठाम गृहीतेही आहेत, असे दिसून येते.

हाताच्या कौशल्याचा कोणता भाग लेखनात उतरतो आणि कोणता उतरत नाही, हा प्रश्न कोणत्याही हस्तव्यवसायाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. विणकामाचा नमुना हे या प्रश्नाचे एक अतिशय सुटसुटीत उदाहरण होय. त्यातही मफलर आणि लोकरी टोपी यांसारख्या साध्या वस्तू निवडणे सोयीचे ठरते. कारण वस्तू जितकी साधी, तितकी नमुन्याची घडण उघडी पडते.

२

प्रथम टाका म्हणजे काय हे पाहू जावे. मराठीत ‘विणणे’ हे क्रियापद मागावरच्या कापडाला, टोपलीला, खाटेला आणि लोकरीच्या मोज्यालाही सारखेच लागू पडते. क्रिया मात्र भिन्न आहेत. मागावर उभ्या धाग्यांतून आडवा धागा जातो. दोन्ही धागे जवळजवळ सरळ राहतात. सुयांवरच्या विणकामात उभे-आडवे असे काही नसतेच. एकच अखंड धागा असतो आणि त्याचा एक फासा आधीच्या फाशातून ओढून काढला जातो. हा ओढून काढलेला फासा म्हणजे टाका. धागा सरळ नसून सर्वत्र वळलेला असल्यामुळे विणलेला कपडा ताणला असता वाढतो आणि सोडला असता पुन्हा आवळतो. टोपी डोक्यावर घट्ट बसते व मोजा टाचेवर वळतो, तो याच गुणामुळे.

फासा ओढण्याच्या दोन दिशा संभवतात. नवा फासा जुन्यातून विणणाराच्या बाजूस ओढला तर सुलट टाका होतो. पलीकडच्या बाजूस ढकलला तर उलट टाका होतो. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावयास हवी. सुलट आणि उलट हे दोन वेगळे टाके नाहीत. तो एकच टाका आहे. एका बाजूने पाहिला असता तो सुलट दिसतो आणि कपडा फिरवून पाहिला असता उलट दिसतो.

या दृष्टीने निरनिराळ्या भाषांतील संज्ञा तपासण्यासारख्या आहेत. इंग्रजीत या दोहोंना ‘निट’ आणि ‘पर्ल’ अशी परस्परांशी काही संबंध नसलेली नावे आहेत. ती ऐकून नवशिक्याला दोन स्वतंत्र क्रियांचा भास होतो. फ्रेंचमध्ये कापडाची सुलटी बाजू आणि उलटी बाजू यांवरून नावे दिली आहेत. जर्मनमध्ये उजवा टाका आणि डावा टाका असे म्हणतात. मराठीतील ‘सुलट’ आणि ‘उलट’ या जोडीत एकाच वस्तूची दोन अंगे हा अर्थ शब्दांतच सामावलेला आहे. इंग्रजी पुस्तकाला जे एका परिच्छेदात समजावून सांगावे लागते, ते मराठी विणणारीला नावावरूनच सुचते.

३

आता मफलरचा एक साधा नमुना घेऊ जावा : ‘४२ टाके घालावेत. पहिली ओळ : दोन सुलट, दोन उलट याप्रमाणे शेवटपर्यंत, अखेरचे दोन सुलट. दुसरी ओळ : दोन उलट, दोन सुलट याप्रमाणे शेवटपर्यंत; अखेरचे दोन उलट. या दोन ओळी हवी तेवढी लांबी होईपर्यंत विणाव्यात. टाके बंद करावेत.’ एवढ्या पाच वाक्यांत कित्येक तासांचे काम सामावलेले आहे. ते सामावते ते आवृत्तीच्या तत्त्वामुळे. नमुना प्रत्येक टाका सांगत नाही. तो चार टाक्यांचा एक घटक आणि दोन ओळींचे एक चक्र सांगतो आणि बाकीचे वाचकावर सोपवतो.

४२ हा आकडाही यदृच्छेने आलेला नाही. चारच्या दहा घटकांचे ४० टाके होतात आणि वर दोन उरतात. हे दोन अधिक टाके घेतल्यामुळे मफलरच्या दोन्ही कडांना सुलट टाक्यांची सारखीच पट्टी येते. ४० टाके घेतले असते तर एका कडेस सुलट आणि दुसऱ्या कडेस उलट पट्टी आली असती. उलटपक्षी, ४० टाक्यांवर प्रत्येक ओळ ‘दोन सुलट, दोन उलट’ या एकाच सूचनेने विणता आली असती, कारण फिरवलेल्या कपड्यावर आधीच्या ओळीचे अखेरचे दोन उलट टाके सुलट होऊनच समोर येतात. म्हणजे लेखनाची सोय आणि कपड्याची समरूपता यांपैकी एकीची निवड नमुना रचणाराला करावी लागते. आणि ती निवड नमुन्यात एका आकड्याच्या रूपाने दडून राहते.

नवशिक्या हातांना पुष्कळदा असा अनुभव येतो की एक ओळ सुलट व एक ओळ उलट अशा विणीचा मफलर पुरा होताच नळीसारखा गुंडाळला जातो. हा हाताचा दोष नव्हे. या विणीत सगळ्या टाक्यांची तोंडे एकाच बाजूस असतात. वाकवलेल्या धाग्याची सरळ होण्याची ओढ सर्वत्र एकाच दिशेने काम करते. त्यामुळे डावी-उजवी कड मागे वळते आणि वरची-खालची कड पुढे वळते. दोन सुलट-दोन उलट या विणीत, किंवा प्रत्येक ओळ सुलट विणली असता, ही ओढ दोन्ही बाजूंना वाटली जाऊन कपडा सपाट राहतो. मफलरसाठी अशाच विणी रूढ झाल्या याचे कारण या यांत्रिक समतोलात आहे. तथापि नमुन्यात हे कारण लिहिलेले नसते. नमुना आज्ञा देतो, कारण देत नाही.

४

अशा आज्ञा लिहून ठेवण्याची पद्धत विणकामाच्या मानाने बरीच अर्वाचीन आहे. ईजिप्तमध्ये सापडलेले इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकांतील मोजे दिसावयास विणलेले वाटले, तरी ते एकाच नेढे असलेल्या सुईने, फाशात फासा गुंतवीत केलेले आहेत. ते तंत्र वेगळे होय. खऱ्या अर्थाने सुयांवर विणलेले जुने अवशेष ईजिप्तमधीलच, परंतु पुष्कळ नंतरच्या इस्लामी कालखंडातील आहेत. निळ्या व पांढऱ्या सुताचे मोजे त्यांत प्रसिद्ध आहेत. उलट टाक्याच्या जाणीवपूर्वक वापराच्या ज्ञात जुन्या उदाहरणांत १५६२ मध्ये पिसा येथे मृत्यू पावलेल्या एलेओनोरा दी तोलेदो हिच्या दफनातील रेशमी मोज्यांचा समावेश होतो. १५८९ मध्ये विल्यम ली याने इंग्लंडमध्ये मोजे विणण्याचे यंत्रही तयार केले होते. या सर्व काळात विणकाम हे पाहून आणि करून शिकले जात होते. विणण्याच्या छापील सूचनांचे इंग्रजीतील पहिले ज्ञात उदाहरण १६५५ चे आहे. लंडनमध्ये निघालेल्या ‘नॅचुरा एक्सेंटेराटा’ या औषधी कृतींच्या ग्रंथात मोजा कसा विणावा हे दिलेले आहे. हे लेखन सलग गद्यात असून त्यात संक्षेप असे जवळजवळ नाहीतच.

नमुन्याला आजचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येऊ लागले. एडिंबरोच्या जेन गोगेन यांनी १८४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द लेडीज असिस्टंट’ या पुस्तकात टाक्यांसाठी अक्षरांचे संक्षेप योजले. लंडनच्या फ्रान्सेस लॅम्बर्ट यांनी १८४३ च्या ‘माय निटिंग बुक’ मध्ये सुयांची जाडी मोजण्याच्या खाचांच्या चकतीचे चित्र दिले. या दोन गोष्टींचे महत्त्व एकमेकींना पूरक आहे. अक्षरांनी क्रियेला संक्षिप्त रूप दिले, चकतीने साधनाला माप दिले. परिचय नसलेल्या, दूर राहणाऱ्या वाचकाने तीच वस्तू पुन्हा निर्माण करावी, ही अपेक्षा या दोहोंमुळे शक्य झाली.

साधनाच्या मापाबाबत मात्र एकवाक्यता झाली नाही. जुन्या ब्रिटिश क्रमांकपद्धतीत आकडा वाढत जातो तशी सुई बारीक होते. अमेरिकन पद्धतीत आकड्याबरोबर सुई जाड होते. त्यामुळे ‘१० नंबरची सुई’ म्हटले असता एका पद्धतीने सव्वातीन मिलिमीटरची आणि दुसऱ्या पद्धतीने सहा मिलिमीटरची सुई असा अर्थ होतो. भारतात ब्रिटिश क्रमांकांचा प्रघात रुजला असल्याने अमेरिकन पुस्तकावरून विणणाऱ्या हाताची येथे हमखास फसगत होते. मिलिमीटरमध्ये माप देणे हाच त्यावर निर्णायक उपाय आहे.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन रेडक्रॉसने सैनिकांसाठी मफलर, मोजे, मनगटपट्ट्या इत्यादींचे छापील नमुने वाटले. हजारो अनोळखी हातांकडून एकसारखी वस्तू मिळावी, हा त्यामागील हेतू होता. नमुना हा येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर शिस्तीचे साधन बनला.

त्यानंतरचे महत्त्वाचे पाऊल म्हणजे तक्ता. चौकटींच्या कागदावर प्रत्येक टाक्यासाठी एक घर आणि प्रत्येक क्रियेसाठी एक खूण अशी ही योजना आहे. मेरी थॉमस यांच्या १९३८ व १९४३ च्या पुस्तकांनी आणि बार्बरा वॉकर यांच्या १९७२ च्या तक्त्यांच्या संग्रहाने इंग्रजी वाचकांत तिचा प्रसार केला. जपानमध्ये तर विणकामाच्या खुणांना राष्ट्रीय औद्योगिक मानकाचे स्थान मिळाले आहे. त्यामुळे जपानी न जाणणारी व्यक्तीही जपानी पुस्तकावरून विणू शकते.

शब्दांतील नमुना आणि तक्ता यांत केवळ लिपीचा फरक आहे असे समजणे चुकीचे ठरेल. शब्द हाताला आज्ञा देतात; तक्ता डोळ्याला कपडा दाखवतो. याचा पडताळा सोप्या उदाहरणाने येतो. प्रत्येक ओळ सुलट विणावयाची असेल तर शब्दांत ‘सर्व सुलट’ एवढे पुरते. तक्त्यात मात्र एक ओळ रिकाम्या घरांची आणि एक ओळ उलट खुणांची अशी आळीपाळीने दाखवावी लागते. कारण मागील बाजूने विणलेली सुलट ओळ पुढून उलट दिसते. याच्या नेमके विरुद्ध, एक ओळ सुलट व एक ओळ उलट या विणीसाठी शब्दांत दोन सूचना लागतात, तर तक्त्यात सर्व घरे रिकामी राहतात. हातासाठी जे सोपे ते डोळ्यासाठी गुंतागुंतीचे आणि डोळ्यासाठी जे सोपे ते हातासाठी गुंतागुंतीचे, अशी ही स्थिती आहे. तक्त्याचे वाचनही छापील पानाच्या उलट, खालून वर चालते आणि पुढील बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे वाचावी लागते. कारण कपडा सुईखाली याच क्रमाने वाढत जातो.

५

येथवर मोजता येणाऱ्या गोष्टींचा विचार झाला. टोपीचे उदाहरण घेतले की न मोजता येणारी गोष्ट समोर येते. मफलर दोन बोटे रुंद किंवा अरुंद झाला तरी चालतो; टोपीचे तसे नाही.

डोक्याचा घेर ५४ सेंटिमीटर आहे असे धरावे. टोपी घट्ट बसावी म्हणून ती घेरापेक्षा सुमारे एकदशांशाने लहान ठेवतात. म्हणजे साडेअठ्ठेचाळीस सेंटिमीटर. विणणाराच्या हाताने १० सेंटिमीटर रुंदीत २० टाके व १० सेंटिमीटर उंचीत २८ ओळी बसत असतील, तर सुमारे ९७ टाके लागतील. कडेची दोन सुलट-दोन उलट वीण चारच्या पटीत आणि माथ्याचे आठ भाग आठच्या पटीत बसावेत म्हणून जवळचा आकडा ९६ घेतला जातो. कड व सरळ भाग मिळून सुमारे १३ सेंटिमीटर विणले की माथा मिटवण्यास आरंभ होतो. प्रत्येक भागात १२ टाके आहेत. ‘दहा सुलट, दोन एकत्र’ असे आठदा विणले की आठ टाके कमी होतात. मधली ओळ काही न घटवता विणून पुढच्या ओळीत ‘नऊ सुलट, दोन एकत्र’ असे करीत गेले असता अकराव्या घटीनंतर आठ टाके उरतात. त्यांतून धागा ओवून आवळला की माथा मिटतो. दोन सरळ सुयांवर विणल्यास शिवणीसाठी कडेला एकेक टाका अधिक धरावा.

आठ भागच का, याचे उत्तर वर्तुळाच्या भूमितीत आहे. सपाट चकती विणावयाची तर एका ओळीच्या उंचीमागे घेर किती घटला पाहिजे हे काढता येते. वरील मापांत एका ओळीची उंची १० भागिले २८, म्हणजे सुमारे ०.३६ सेंटिमीटर आहे. तिला दोन पायने गुणले असता सुमारे सव्वादोन सेंटिमीटर, म्हणजे साडेचार टाके येतात. एकाआड एक ओळीत आठ टाके घटवले म्हणजे सरासरी ओळीमागे चार टाके घटतात. हे प्रमाण साडेचारांहून किंचित कमी आहे. म्हणून माथा सपाट न होता हलकासा घुमटाकार होतो. डोक्याला तोच आकार योग्य असतो. ज्या हातांनी ही रीत प्रथम रूढ केली त्यांनी पायचा हिशेब मांडलेला नव्हता. त्यांनी टोपी डोक्यावर घालून पाहिली आणि उसवून पुन्हा विणली.

आता हाच ९६ टाक्यांचा नमुना दोन भिन्न हातांत द्यावा. ज्या हाताचा धागा घट्ट ओढला जातो त्याचे १० सेंटिमीटरांत २३ टाके बसतात. त्याची टोपी सुमारे ४२ सेंटिमीटरांची होते आणि ती लहान मुलाच्या डोक्यावर जाते. सैल हाताचे १८ टाके बसतात. त्याची टोपी ५३ सेंटिमीटरांहून मोठी होऊन डोळ्यांवर घसरते. धागा तोच, सुया त्याच, प्रत्येक टाका बिनचूक. तरी टोपीत अकरा सेंटिमीटरांचा फरक. नमुन्यात चूक नाही, वाचनातही चूक नाही. जे शब्दांत उतरत नाही, ते म्हणजे बोटांवरून धागा किती ओढून सोडला जातो, तेच येथे निर्णायक ठरते.

यावर विणकामाने शोधलेला उपाय मोठा मार्मिक आहे. ताणाचे वर्णन करण्याचा प्रयत्न सोडून त्याच्या परिणामाचे माप घ्यावे. त्यासाठी सुमारे १५ सेंटिमीटरांचा चौकोनी तुकडा आधी विणतात, तो धुऊन वाळवतात आणि कडा सोडून मधल्या १० सेंटिमीटरांतील टाके व ओळी मोजतात. धुण्याची पायरी वगळणे योग्य नव्हे, कारण धुतल्यावर धागा सैलावतो किंवा आवळतो. हा तुकडा म्हणजे लेखी नमुना आणि विशिष्ट हात यांच्यामधील दुभाषी होय. मापे जुळली नाहीत तर सुई बदलावी, हात बदलण्याचा अट्टाहास करू नये, असा जाणत्यांचा सल्ला असतो.

६

या विवेचनावरून नमुन्यांचे दोन प्रकार संभवतात. एक नमुना ‘९६ टाके घाला’ म्हणतो. दुसरा ‘घेर मोजा, एकदशांश वजा करा, आपल्या हाताच्या टाक्यांनी गुणा आणि आठच्या पटीत आणा’ असे सांगतो. पहिला लिहिण्यास व विकण्यास सोपा आहे. परंतु तो एकाच हाताला, एकाच धाग्याला आणि एकाच डोक्याला लागू पडतो. दुसरा कोणत्याही हाताला लागू पडतो; मात्र तो वाचकाकडून विचाराची अपेक्षा ठेवतो. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन यांनी १९७१ च्या ‘निटिंग विदाउट टिअर्स’ या पुस्तकात दुसऱ्या प्रकाराचा जोरदार पुरस्कार केला. स्वेटरच्या छातीच्या घेराचे टाके शंभर मानावेत आणि मनगटाचे टाके त्याच्या सुमारे एकपंचमांश धरावेत, अशी त्यांची प्रमाणाची पद्धत होती. तिच्यामुळे विणणारी व्यक्ती नमुन्याची आज्ञाधारक न राहता त्याची कर्ती बनते.

घरगुती परंपरेत हा दुसरा प्रकार लेखनाच्या साहाय्यावाचूनच वावरत आला आहे. महाराष्ट्रात बाळंतविड्यासाठी टोपडे व मोजे विणणाऱ्या अनेक हातांपाशी लिहिलेला नमुना नसतो. वितीने आणि बोटांनी माप घेतले जाते, टाक्यांचा आकडा धागा पाहून ठरतो आणि शिकणारी मुलगी शेजारी बसून पाहत असते. हे ज्ञान अशास्त्रीय नव्हे. ते वरील हिशेबाइतकेच काटेकोर असते. फक्त त्यातील प्रमाणे आकड्यांत नसून हातात असतात. ते हात थांबले की प्रमाणेही जातात, कारण मागे उरलेल्या टोपड्यावरून टाके मोजता आले, तरी ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कारणाने आले हे कळत नाही.

म्हणून अशा कामाची नोंद करणाऱ्या संशोधकाने केवळ ‘इतके टाके, इतक्या ओळी’ असे टिपून थांबणे पुरेसे नाही. सुईची जाडी मिलिमीटरमध्ये नोंदवावी. धागा कशाचा आहे हे पाहावे, कारण बाजारात ‘लोकर’ या नावाने मिळणारा धागा पुष्कळदा अॅक्रिलिकचा असतो आणि त्याची लवचीकता वेगळी असते. विणणारीच्याच हातचा एक चाचणीचा तुकडा नमुन्यासोबत जपून ठेवावा. तिने वापरलेले शब्द तिचेच ठेवावेत. पुस्तकी संज्ञा त्यांवर लादू नयेत. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, टाके किती हे विचारल्यावर ते तितकेच का, हेही विचारावे. आकडा एका टोपीपुरता असतो. त्यामागचे कारण हाती आले तर त्यावरून पुढची टोपी, वेगळ्या धाग्याची, वेगळ्या हाताची आणि वेगळ्या डोक्याची, विणता येते.